पोरगं मोजकंच खातंय, रात्रीला काय करू? बेळगाव भागातल्या आयांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर ह्या पट्ट्यातल्या आया एकमेकींना जे प्रश्न परत परत विचारत असतात ते इथं एका जागी लिहून काढलेत. माझ्या पोरीची यादी पण अशीच बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळं हे सगळं रोज रात्री आमच्या घरात चालतं तेच आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि खाली ते सगळीकडं येणार: पोराची यादी मोडायला जायचं नाही, त्या यादीतनंच हळूहळू पुढं सरकायचं.

सेफ फूड, सेफ फूड म्हणतात ते नेमकं काय हो?

पोरगं न घाबरता, कुणी मागं न लागता, आपणहून खातंय ते. कुणाचं तूप-मीठ-भात असतं, कुणाचा साधा डोसा, कुणाचं दूध-चपाती, कुणाचं नुसतं पार्ले-जी. बिस्किट बघा, कधीही पुडा उघडा, तोच रंग, तीच चव, तोच आवाज. भाजीचं तसं नाही, आजची भेंडी कुरकुरीत तर उद्याची चिकट, परवा तिच्यात शेंगदाण्याचं कूट जास्त पडलेलं. ज्या पोराला तोंडात काय येणार ह्याचीच धास्ती असते ते पॅकेटकडं वळणारच.

आणि बारीक फरक पण त्यांना कळतो बरं का. घरात तांदूळ बदलला, नेहमीच्या बासमतीऐवजी रेशनचा जाड तांदूळ शिजवला की ताट बाजूला. माझी पोरगी पोह्यातली एक-एक मोहरी वेचून ताटाच्या कडेला रांगेनं लावते, आणि एवढं करून पण पहिला घास घ्यायच्या आधी बोटानं एकदा चाचपून बघते, राहिली तर नाही ना. ते नाटक नाही, तो दाणा तिला जिभेवर खरंच नको होतो.

हा हट्ट आहे का? सगळे म्हणतात लाडानं वाया घालवलंय.

नाही. दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाला नको म्हणणं हे बहुतेक पोरांत येतंच, कुणात कमी कुणात जास्त. त्यात पहिल्या वर्षात पोर झपाझप वाढतं आणि नंतर वाढीचा वेग उतरतो, दोन वर्षांनंतर वजन वर्षाला साधारण २ किलोच वाढतं, मग भूक पण तेवढीच लागणार ना. काही जणांना कडू चव जन्मतःच जास्त लागते, मेथी आणि कारलं त्यांच्या जिभेला आपल्यापेक्षा कितीतरी कडू असतं. ऑटिझम असलेल्या पोरांत वास, रंग, मऊ-कडक ह्याचा त्रास आणखी जास्त असू शकतो.

"उपाशी ठेव, भूक लागली की झक मारून खाईल" असं सांगणारे भरपूर भेटतात. साध्या चोखंदळ पोराचं एखाद वेळेस तसं जमत असेल. पण ज्यांची यादी अगदीच लहान आहे ती पोरं खरोखर उपाशी झोपतात आणि दुसऱ्या दिवशी ताट बघितल्या बघितल्या रडायला लागतात. हा प्रयोग करू नका, मी हात जोडून सांगते.

रोज रात्री तूप-मीठ-भातच मागतंय, रोज तेच दिलं तर चालेल का?

चालेल. द्या. ताटात रोज एक तरी पदार्थ असा हवाच की तो बघून पोराचा जीव भांड्यात पडेल. त्याच्या शेजारी घरातलं बाकीचं जेवण चिमूटभर ठेवायचं, आणि ते खा म्हणायचं नाही. काय वाढायचं, कधी आणि कुठं बसून जेवायचं हे आपण ठरवायचं, खायचं का आणि किती हे पोरानं. बाहेरच्या आहारतज्ज्ञांनी मांडलेली ही वाटणी आता इकडचे डॉक्टर पण सांगतात आणि मला ती फार पटते, कारण रोजचं भांडणच त्यानं संपतं.

फक्त एक काळजी घ्या, तोच पदार्थ अगदी तसाच्या तसा महिनोन्‌महिने दिला की कधीतरी पोरगं त्यालाच कंटाळतं, मग यादीतनं तो पण जातो आणि परत येईलच असं नाही. म्हणून बारीकसा फरक करत राहायचा. आज तूप, उद्या लोणी, कधी भाताची मूद, कधी पसरट, कधी दुसऱ्या वाटीत.

मग रात्रीला करू तरी काय? आयडिया द्या की.

आधी पोरगं काय खातंय त्यापेक्षा कसलं खातंय ते बघा. कुरकुरीत, मऊ पांढरं, कोरडं सुटं की गोड? आठवडाभर नुसतं बघा आणि कुठंतरी लिहून ठेवा, बहुतेक वेळा एकच प्रकार वर येतो. यादी बघून "बिस्किट, पापड, चकली, काहीच धड खात नाही" असं वाटतं, पण तीच यादी "ह्याला कुरकुरीत आवडतंय" असं पण सांगत असते.

कुरकुरीतवालं पोरगं असेल तर आपल्या भागात राहणाऱ्यांचं नशीबच म्हणायचं, कारण कडक भाकरी आपल्याकडं दुकानात मिळते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. तिचे मोठे तुकडे, वर लोणी किंवा तूप, आणि हवी तर शेंगाचटणी बाजूला वाटीत. ज्वारी पोटात जातेय आणि पोराच्या लेखी तो पापडच. मग पातळ कडक डोसा. डोसा चालत असेल तर पुढं मुगाच्या डाळीचा डोसा, भिजवून वाटून पातळ घातला की तोच आवाज येतो आणि प्रोटीन जास्त मिळतं. बटाट्याचे काप रव्यात घोळवून तव्यावर. थालीपीठ घातलंत तर कांदा-कोथिंबीर न घालता, अगदी पातळ थापून, कडा कडक होईपर्यंत. आप्पे, म्हणजे आपल्याकडचे पड्डू, वरनं कडक आतनं मऊ असतात म्हणून काहींना चालतात आणि काहींना त्याच कारणानं चालत नाहीत, करून बघा.

मऊ पांढरं खाणाऱ्याला दहीभात, इडली, तांदळाची उकड, आंबोळी (खानापूरकडं करतातच), दूध-भाकरी कुस्करून, गरगटा मऊ भात. इथं फोडणी बाजूला. मोहरी, कढीपत्ता, मिरचीचा तुकडा, ह्यातलं एक जरी दिसलं तरी अख्खी वाटी वाया जाते, म्हणून त्याचा वाटा आधी काढून ठेवा आणि मग फोडणी घाला.

रविवारी मटण-चिकन होणाऱ्या घरात तर सोपंच आहे. मसाला घालायच्या आधी अळणी काढतातच की, हळद-मीठात शिजलेलं ते पातळ पाणी भातावर घालून द्या. तुकडा दाखवू पण नका पहिल्यांदा, नुसती अळणी आणि भात. कितीतरी पोरं तांबड्या रश्श्याच्या वासानं पळतात पण अळणी-भात बोटं चाटून खातात. जमलं की काही दिवसांनी त्यातच मऊ रेषा सोडवून टाकायच्या.

कोरडं सुटं खाणारी पोरं, म्हणजे ज्यांना ओलं-कोरडं एकात एक झालेलं चालत नाही, त्यांना आमटी-भात कालवून देऊच नका. कप्प्यांचं ताट घ्या, चपाती एका बाजूला, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी एका बाजूला, पनीरचे कोरडे चौकोन एका बाजूला. चुरमुऱ्याचा सुसला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेला, काहींना चालतो, काहींना ओला वाटतो, त्यांना नुसतेच कोरडे चुरमुरे, वर शेंगदाण्याचं बारीक कूट आणि मीठ. हे जेवण आहे का असं घरातले विचारतील. आहे.

गोड खाणाऱ्याला चपातीचा गूळ-तूप घालून लाडू, शेंगांची पोळी तुपात भाजून, नाचणीची दूध-गूळ घातलेली आंबील, शेवयांची खीर. रात्री गोड कशाला म्हणून नाक मुरडू नका, शेंगांच्या पोळीत शेंगदाणा आहे, तूप आहे, आणि पोट भरून पोरगं झोपतंय.

रात्री भूकच नसते त्याला.

संध्याकाळी पाच-सहाला काय दिलं होतं? आपल्याकडं शाळेतनं आलं की चहा आणि बिस्किट, नाहीतर चहा आणि टोस्ट, मग खेळून आलं की कुणीतरी भडंगाची पुडी हातात देतं, मग आठला ताट. कुठनं लागणार भूक? शिवाय चहा जेवणाच्या आसपास पोटात गेला तर जेवणातलं लोह अंगी लागत नाही नीट. पोरांना चहा बंदच करा. संध्याकाळचं खाणं एकदाच, बसून, आणि त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत अडीच-तीन तास फक्त पाणी. एवढ्यानंच पुष्कळ घरांत फरक पडतो.

दूध पितंय म्हणून बरं चाललंय, दिवसाला लिटरभर तरी जातं.

हे कमी करा, आणि लवकर. लहान पोराला दिवसाला ४००-५०० मिली दूध पुष्कळ झालं. त्याच्यावर गेलं की पोट दुधानंच भरतं, दुधात लोह जवळपास नसतंच, मग रक्त कमी होतं, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. पोरगं पाटीवरची पेन्सिल, खडू, माती, भिंतीचे पोपडे खात असेल तर ते बहुतेक वेळा लोह कमी असल्याचंच लक्षण असतं, मार देऊ नका, रक्त तपासून घ्या. दूध एकदम तोडायचं नाही, बाटली असेल तर आधी पेला करायचा, मग झोपेतलं दूध बंद, मग पेला लहान.

जास्त दुधानं शौचाला पण घट्ट होतं, आणि दोन-दोन दिवस पोट साफ नसलेल्या पोराला रात्री जेव म्हणून उपयोग नाही.

प्रोटीन कुठनं मिळणार मग? भाजी नाही, डाळ नाही.

इथं आया उगाच फार घाबरतात. चार ते सहा वर्षांच्या पोराला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, एक पेला दुधात ६ ग्रॅम, राहिलेलं भात-चपातीतनं येतं. म्हणजे दूध-अंडं-भात एवढ्यावर असलेल्या पोराचं प्रोटीन भागतं. अंडं नको असेल तर शेंगदाण्याचं कूट, दही, पनीर. सरकारी शाळेत अंडं देतात, अंडं न खाणाऱ्याला केळं, तिथं बाकीच्या पोरांच्या रांगेत बसून घरी न खाणारं पोरगं खाऊन येतं असं पण होतं, बाईंना विचारून बघा.

खरी काळजी लोहाची आणि भाजी-फळं नसल्यानं राहणाऱ्या गोष्टींची. लिंबू चालत असेल तर भातावर पिळा, पेरूची फोड चालत असेल तर जेवणाबरोबर द्या, त्यानं लोह चांगलं लागतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून दूध कमी केलेल्या पोराला नाचणीचा डोसा किंवा आंबील चालली तर सोडू नका. टॉनिक मात्र जाहिरात बघून आणू नका, डॉक्टर सांगतील तेच.

अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या पोराला देऊच नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या.

नवीन पदार्थ आणायचा कसा?

जुन्याचा हात धरून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एकतर रंग, नाहीतर चव, नाहीतर मऊपणा, तिन्ही एकदम नाही. साधा डोसा चालतोय ना? तर त्याच पिठात चमचाभर नाचणीचं पीठ, रंग जेमतेम बदलेल इतकंच. आठवडाभर ते राहू दे. मग दोन चमचे. पुढं अर्धं-अर्धं. तोपर्यंत तपकिरी डोसा त्याच्या डोळ्याला ओळखीचा होतो, आणि मग नाचणीची भाकरी तेवढी परकी राहत नाही. तसंच दूध-चपातीवाल्याला दशमी, म्हणजे दुधात मळलेली भाकरी, चव तीच, पीठ वेगळं. तूप-भातवाल्याला आधी वरचं पिवळं वरण गाळून अर्धा चमचा, भाताच्या एका कोपऱ्यालाच, बाकीचा भात पांढराच दिसला पाहिजे.

आणि तोंडात घालणं ही शेवटची पायरी आहे. ताटात ठेवू दिलं, त्याचा वास घेतला, बोट लावलं, ओठाला लावलं, थुंकलं, हे सगळं चांगलंच झालं असं समजा. थुंकलं म्हणून ओरडू नका. एखादा पदार्थ ओळखीचा व्हायला ८ ते १५ वेळा समोर यावा लागतो असं सर्वसाधारणपणे सांगतात, आणि आपल्या पोरांना त्याहून जास्त. दोनदा नको म्हटल्यावर "त्याला आवडतच नाही" म्हणून सोडून देऊ नका. पोळपाट-लाटणं हातात द्या, मेथी निवडायला बसवा, बाजारात नेऊन गाजर त्याच्याच हातानं पिशवीत टाकायला लावा. खायला लागत नाही म्हटलं की पोरं बिनधास्त हात लावतात.

भाजी लपवून घातली तर? त्याला कळतच नाही.

एक ना एक दिवस कळतं. आणि ज्या दिवशी चपातीत पालक सापडतो त्या दिवशी चपातीच यादीतनं जाते, मग काय करणार? घालायचं असेल तर सांगून घाला, "आज डोशात थोडी नाचणी आहे, साधा पण केलाय, कुठला हवा तो घे". नको म्हटलं तर नको.

मोबाईल दाखवला की चार घास जातात.

जातात, पण पोरगं काय खातंय ते त्याला माहीतच नसतं, मग तो पदार्थ ओळखीचा होणार कधी? एकदम बंद केलंत तर सुरुवातीला खाणं कमी होईल, म्हणून आधी रात्रीचं एकच जेवण बिनमोबाईलचं करा. वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, सगळ्यांनी एकत्र, मोठ्यांचे पण फोन बाजूला. तेवढ्यात झालं तर झालं, नाहीतर ताट उचलायचं, मागं घास घेऊन पळायचं नाही.

घरात सासूबाई, आज्जी, शेजारच्या अक्का, प्रत्येकजण काहीतरी बोलतं.

त्यांची माया असते, त्यांच्या काळात पोर वाळलं की धडकीच भरायची, त्यामुळं त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. त्यांना काम द्या. "आई, तुमच्या हातची आंबील ती घेते, रोज तुम्हीच करा, फक्त किती प्यायली ते विचारू नका." हे खरंच चालतं. शेजारचं पोर किती खातंय, धाकटा बघ कसा जेवतो, अशी तुलना मात्र ताटावर कुणी करायची नाही, आणि हे नवऱ्यानं आपल्या घरच्यांना सांगायचं, सगळं सुनेवर टाकायचं नाही. "एवढं खाल्लंस तर चॉकलेट" हे पण नको, त्यानं भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस.

दोन-दोन स्वयंपाक करत बसू का?

नाही. एकच स्वयंपाक, त्याचा वाटा मसाल्याच्या आधी काढलेला. आणि फ्रिजमध्ये डोशाचं पीठ, डब्यात कडक भाकरी कायम ठेवा, बास.

लग्नाला, जत्रेला, गणपतीत गावाकडं गेल्यावर काय करायचं?

डबा बरोबर न्या आणि लाजू नका. सौंदत्तीच्या जत्रेत नाहीतर कुणाच्या लग्नाच्या पंगतीत, गर्दी, आवाज, परका भात, त्यात नवीन काही शिकवायची ती वेळ नाही. घरनं खाऊ घालून न्या, पंगतीत शेजारी बसवा, पानात पापड वाढला तरी पुरे. चारचौघांत "हा काहीच खात नाही बघा" असं त्याच्यादेखत बोलू नका, पोर तेच स्वतःबद्दल धरून बसतं.

जंत असतील का?

असू शकतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, १ ते १९ वयाच्या सगळ्यांना, ती चुकवू नका. पण गोळीनं भूक सुधारेल, मोहरी वेचणं थांबणार नाही.

डॉक्टरकडं कधी न्यायचं?

वजन कमी होत असेल किंवा कित्येक महिने वाढलंच नसेल. खाताना ठसका लागतो, घास अडकतो, रोज उलटी होते. यादी वीसच्या आत आहे आणि त्यातनं पण पदार्थ गळत चाललेत. एखादा गटच नाही, म्हणजे एकही फळ-भाजी नाही किंवा एकही प्रोटीनचा पदार्थ नाही. हिरड्यांतनं रक्त येतंय, पोरगं पांढरंफटक दिसतंय, दमतंय. किंवा एकदा घास अडकल्यापासून खायलाच घाबरतंय. ह्यातलं एक जरी असेल तर थांबू नका.

अशा टोकाच्या खाण्याच्या त्रासाला आर्फिड म्हणतात, २०१३ सालापासून डॉक्टरांच्या मानसिक आजारांच्या यादीत त्याची वेगळी नोंद आहे. वजनाची, जाड होण्याची भीती त्यात नसते. कुणाला भूकच नसते, कुणाला चव-वास-स्पर्श सहन होत नाही, कुणाला गुदमरण्याची किंवा उलटीची भीती बसलेली असते. आधी बालरोगतज्ज्ञ, ते लागल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतील. सरकारी मदत हवी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या पोरांची तपासणी फुकट असते, बेळगावात बिम्सच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, खेड्यात असाल तर अंगणवाडी ताई नाहीतर आशा ताईंना विचारा. कन्नड जमत नसेल तर अडून राहू नका, तिथं मराठी समजणारं कुणीतरी भेटतंच. जाताना आठवडाभर पोरगं काय काय आणि किती खातंय त्याची यादी, आणि अंगणवाडीचं वजनाचं कार्ड बरोबर न्या, तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

नवीन पदार्थ ताटात ठेवला की अख्खं ताटच ढकलून देतंय.

मग ताटात ठेवू नका. शेजारी एक लहान वाटी ठेवा, ती वाटी त्याची नाही, सगळ्यांची. काही दिवस ती हातभर लांब राहू दे. मग थोडी जवळ. तुम्ही त्यातलं तुमचं तुम्ही खात राहा, त्याच्याकडं न बघता. मागितलं तर द्या, नाही मागितलं तर वाटी उचलून ठेवा आणि उद्या परत ठेवा.